नानांची गिटार आणि माझे कान

हे प्रकरण लिहायचं मी आजवर टाळलं. शाळा लिहून झाली, वडिलांची, म्हणजे आबांची, कापसाच्या जिनिंगमधली नोकरी लिहून झाली, माझं लग्नसुद्धा लिहून झालं, आणि प्रत्येक वेळी धुळ्याची ती दुपार जवळ आली की मी तिला वळसा घालून पुढे गेलो. मुलीनं सगळं वाचून काढलं आणि म्हणाली, "बाबा, गिटार कुठून आली ते लिहिलंच नाहीत की. लोकांना तुमची तीच तर गोष्ट माहिती आहे." तिचं खरं आहे. जळगाव-धुळ्याकडच्या वाजवणाऱ्या मंडळींत माझ्याबद्दल एकच गोष्ट सांगतात. दिलीप कोवळा पोरगा असताना धुळ्याला हिरामण नाना मिस्त्रींकडे आपली पहिली गिटार निवडायला गेला. अजून बोटांत नख्यासुद्धा धड चढवता येत नव्हत्या, पण बसल्या बैठकीला त्यानं नानांच्या गिटारीतली खोट पकडली, जी स्वतः नानांना कधी सापडली नव्हती. ही गोष्ट मी लग्नाच्या मांडवात ऐकली आहे, निवेदकाच्या तोंडून स्टेजवर ऐकली आहे, आणि एकदा खांद्यावर शाल असताना मान खाली घालून ऐकली आहे. लोकांना तो विनय वाटला. गोष्ट खोटी आहे. कशी, ते आज सांगून टाकतो.

त्यासाठी आधी आमच्या घरातलं शिवणयंत्र सांगायला हवं. जळगावात आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. पुढच्या खोलीत खिडकीशी आईचं पायमशीन होतं, आणि बाकीचं घर त्याच्याभोवती बसवलेलं होतं. आई ब्लाउज शिवायची, परकर शिवायची, साड्यांना फॉल लावायची. सकाळी डोळे उघडायच्या आत कानात ते चाक फिरायला लागलेलं असायचं, आणि ते थांबलं की समजायचं, भाकरी टाकायची वेळ झाली. थंडीत त्या आवाजाबरोबर भाजलेल्या वांग्यांचा वास यायचा, उन्हाळ्यात लोणच्याच्या खाराचा. मी लहानपणी त्या यंत्राच्या खाली बसून अभ्यास केला आहे. लोखंडी जाळीचा तो पायटा, ज्यावर पाय ठेवून यंत्र चालवतात, माझ्यासाठी आधी उशी होता, मग झोका, आणि पुढे पाय पोचायला लागल्यावर कामाची जागा. परकरांची सरळ शिवण आणि फॉलची खालची कड मीच मारायचो. आईची पाठ दुखायला लागली की ती हाक मारायची, "दिलीप, ये रे, एवढी धाव मारून दे." मी बसलो की माझे पाय आपोआप चालायला लागायचे. मान पुस्तकात, हात कापडावर, पाय त्यांच्या कामावर. मात्र ही गोष्ट माझ्या कॉलेजातल्या एकाही मित्राला माहीत नव्हती. कोणी दारात आलं की मी टुणकन उठून खिडकीपाशी उभा राहायचो आणि आई गालातल्या गालात हसायची.

त्या दिवसांत आमच्याकडच्या लग्नांत आणि गणपतीत ऑर्केस्ट्राचं वेड होतं. आमच्या गल्लीतला बाळू एका ऑर्केस्ट्रात बँजो वाजवायचा आणि त्या जोरावर कोणत्याही विषयावर बोलायचा. त्यांचा स्टील गिटार वाजवणारा सुरतेला नोकरीला गेला होता. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, ही गिटार छातीशी धरत नाहीत. ती आडवी ठेवतात, उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडतात आणि डाव्या हातात गुळगुळीत पोलादी कांडी धरून ती तारांवरून सरकवतात. त्यामुळे सूर तुटत नाही, माणसाच्या गळ्यासारखा एका जागेवरून दुसऱ्या जागी घसरत जातो. मी तो आवाज गणपतीच्या मांडवात पहिल्यांदा ऐकला आणि जेवण विसरलो. ऑर्केस्ट्राचे मास्तर बाळूला म्हणाले होते, "स्वतःची गिटार असलेला पोरगा आण. शिकवतो मी. पण कान पाहिजे." गिटार नव्हती. कान आहे की नाही हे मला माहीत नव्हतं. पण त्या रिकाम्या खुर्चीवर आपण बसायचं, हे मी ठरवून टाकलं.

निवडायला दोनच वस्तू होत्या. एक आमच्या बाजारातल्या वाद्यांच्या दुकानात टांगलेली, कलकत्त्याहून आलेली लालभडक गिटार. तिच्या अंगावर इतकी चकाकी होती की तिच्यात बघून भांग पाडता यावा. आणि दुसरी धुळ्याच्या हिरामण नानांची. नाना पेट्या दुरुस्त करायचे, म्हणजे बाजाच्या पेट्या. शिरपूरपासून साक्रीपर्यंतच्या भजनी मंडळांच्या पेट्यांचे सूर ते लावून द्यायचे. तरुणपणी ते मुंबईत एका वाद्यांच्या कारखान्यात सुतारकामाला होते. तिथे एकदा परदेशी बनावटीची पेडल असलेली स्टील गिटार दुरुस्तीला आली. चार पायांवर उभी, टेबलासारखी, आणि खाली पेडलं. पेडल दाबलं की ठरलेल्या तारा ताणल्या जाऊन सूर वर चढतो, सोडलं की जागेवर येतो. हातानं जे साधत नाही ते पायानं. नानांनी ती मनात साठवून आणली आणि धुळ्याला परतल्यावर सागाच्या लाकडाची तशी एक बनवली. तारा ओढायला सायकलच्या ब्रेकच्या केबल घातल्या. आणि पेडलं? मोडीत निघालेल्या शिवणयंत्राचा पायटा कापून त्याचीच दोन केली.

आबांचं मत लाल गिटारीच्या बाजूचं होतं, कारण ती नवी होती. आईचं मत होतं, "आधी दोन्ही वाजवून बघ. कापडसुद्धा आपण चुरगळून बघतो." म्हणून उन्हाळ्यात मी आणि बाळू एसटीनं धुळ्याला निघालो. एरंडोल जाईपर्यंत बाळूनं मला गिटार कशी पारखायची ते शिकवलं. "लाकडावर टिचकी मार. मग कान लाव. मग काही बोलू नको, नुसती मान हलव. समोरचा घाबरतो." पारोळ्याला त्यानं कुल्फी खाल्ली आणि माझीही अर्धी खाल्ली. मला भूक नव्हती.

नानांचं घर गल्लीच्या टोकाला होतं. अंगणात बाजांवर बिबडे वाळत होते. बिबडे म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. उन्हाळ्यात अख्खा खान्देश तेच करत असतो. नानांच्या बायकोला सगळी गल्ली अक्का म्हणायची. त्या हातात काठी घेऊन चिमण्या हाकलत होत्या. आम्हाला पाहून त्यांनी काठी खाली घेतली नाही. नाना ओट्यावर एका पेटीचं पोट उघडून बसले होते. बारीक, काळेसावळे, कानावर पेन्सिल.

"जळगाववाला का रे तुम्ही? या भो, बसा. भलतं ऊन पडी राहिनं," नाना म्हणाले.

"पहिले जेवन, मंग गिटार," अक्कांनी निकाल दिला. "यास्नं एकदा चालू व्हयनं का जेवन संध्याकाळलेच."

आम्ही कळण्याची भाकरी आणि शेवभाजी खाल्ली. भाजी इतकी झणझणीत होती की बाळूची पारख करण्याची बडबड तिथेच बंद पडली. मग नानांनी आतल्या खोलीतली गिटार अंगणातल्या कडुलिंबाखाली आणली. चारही बाजूंनी तिला गुडघ्याखाली जाईल अशी जांभळी मखमली झालर होती. लग्नाच्या स्टेजवर खालच्या केबली आणि लोखंड दिसू नये म्हणून अक्कांनी ती हातानं शिवली होती. पेटीवाले दोघे-तिघे भजनी बुवा आले होते, तेही बाजेच्या कडेला टेकले.

नानांनी आधी स्वतः वाजवलं. काय वाजवलं ते मला सांगता येणार नाही, पण बिबड्यांवरच्या चिमण्यांना हाकलायचं अक्का विसरल्या. सूर एका ठिकाणी थांबला आणि थांबल्याजागी हळूच वर उमलला. हात हलला नव्हता. तो पेडलचा सूर. वाजवून झाल्यावर नाना माझ्याकडे पाहत राहिले. नंतर अक्कांकडून समजलं की ही गिटार मागायला बरेच जण आले होते आणि नानांनी कोणालाच दिली नव्हती. पेडल शिकायची तयारी असलेला कोणीतरी हवा होता त्यांना. नाहीतर ही कला आपल्याबरोबरच जाणार, असं ते म्हणायचे.

"आते तू बस," नाना म्हणाले. "पेडलना नाद आज नको. पाय मांगे ले. मोकळ्या तारा वाजाड."

मी स्टुलावर बसलो. नख्या घातल्या. कांडी धरली. तारा छेडल्या, आणि सूर डुलला. वर गेला, खाली आला, परत वर गेला, दारू प्यायलेला माणूस चालतो तसा. दोन तारा जागेवरच राहत नव्हत्या. मी थांबलो. परत छेडलं. परत तेच.

"नाना," मी भीत भीत म्हटलं, "या दोन तारा चढतायत."

"पाय मांगे शेत ना?"

"हो," मी म्हटलं. मी खोटं बोलत नव्हतो. पाय मागे आहेत असंच मला वाटत होतं.

नानांनी मला उठवलं, स्वतः बसले, तारा तपासल्या, वाजवल्या. सूर जागेवर, खांबासारखा. मला बसवलं. सूर डुलायला लागला. "मन्हा हातवर बरोबर बोलस, तुन्हा हातवर बिघडस. असं कसं रे भो?" नाना म्हणाले. तेवढ्यात बाळूची शेवभाजी उतरली. तो पुढे झाला, लाकडावर टिचकी मारली, कान लावला आणि मान हलवली. "नाना, लाकूड बसलंय आतून. तुम्हाला सवय झालीये म्हणून कळत नाही. आमच्या दिलीपचा कान नवा आहे."

भजनी बुवा एकमेकांकडे बघू लागले. सूर डुलतोय हे त्यांनाही ऐकू येत होतं. आणि मी? मी लाजलो, सुखावलो आणि गप्प बसलो. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत कोणीतरी माझ्या कानाबद्दल बोललं होतं. नानांनी गिटारीवर हात फिरवला. मग हसले. "खरं सांगस पोऱ्या. तुले ऐकू ऊनं, माले नही. मन्हा कान आते जुना व्हई ग्यात."

अक्कांनी आम्हाला बिबड्यांची चळत बांधून दिली. आम्ही जळगावला परत आलो आणि मी लाल गिटार घेतली.

बाळूनं ऑर्केस्ट्रात काय सांगितलं असेल ते कोणालाही कळेल. एरंडोलपर्यंत त्या गोष्टीत नानांनी माझी पाठ थोपटली होती, जळगावच्या स्टँडवर उतरेपर्यंत भजनी बुवा माझ्या पाया पडले होते. मास्तर म्हणाले, "हिरामण मिस्त्रीच्या वस्तूत खोट काढली? उद्यापासून ये." अशी ती खुर्ची मला मिळाली. बोटांत नख्या धड बसत नव्हत्या, पण बाकीचे वाजवणारे तारा लावताना माझ्याकडे बघायचे, बरोबर लागली का म्हणून. मी मान हलवायचो. बाळूनं शिकवलेलं तेवढं कामी आलं.

लाल गिटारीला पाय नव्हते. ती मांडीवर घसरायची. म्हणून मी ती घरी आईच्या यंत्राच्या फळीवर ठेवून सराव करायला लागलो. एका संध्याकाळी मी असाच डोळे मिटून वाजवत होतो. आई स्वयंपाकघरात वाटल्या डाळीचे फुणके वाफायला लावत होती. यंत्राच्या सुईखाली कोणाच्या तरी लग्नातल्या ब्लाउजची बाही अर्धवट राहिली होती. अचानक आई ओरडत बाहेर आली.

"अरे! अरे थांब मेल्या! बाही शिवून टाकलीस!"

मी डोळे उघडले. चाक फिरत होतं. सुई खटाखट चालत होती, आणि बाहीचं तोंड या टोकापासून त्या टोकापर्यंत बंद झालं होतं. हात घालायला जागाच नव्हती.

"मी पाय लावलाच नाही," मी म्हटलं.

"मग काय भुतानं चालवलं? खाली बघ."

मी खाली बघितलं. माझे दोन्ही पाय पायट्यावर होते आणि अजूनही चालत होते.

"लहानपणापासूनची खोड," आई बाही उसवायला घेत म्हणाली. "ती जाळी पायाला लागली की तुझे पाय सुरू. तुला पत्ता नसतो." आणि ती हसायला लागली. मीही हसायला लागलो. आणि हसता हसता मला धुळ्याची ती जांभळी झालर दिसली. झालरीमागे कापलेल्या पायट्याची दोन पेडलं. सूर चढतोय, उतरतोय, चढतोय, उतरतोय. शिवण मारताना पाय चालतो, त्याच चालीनं. माझं हसू जिथल्या तिथे थांबलं. आईनं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. फुणके दे."

दुसऱ्याच रविवारी मी धुळ्याची एसटी पकडली. एकटा. मनात वाक्य तयार होतं. नानांना सांगायचं, माफी मागायची, जमलं तर दोघांनी हसायचं. घाबरायचं कारण एवढंच होतं की ही गोष्ट फुटली तर ऑर्केस्ट्रातली खुर्ची जाणार, आणि वर घरात बसून परकर शिवतो हेही बाहेर येणार. बाळूनं मला जन्मभर शिलाई मास्तर म्हटलं असतं. तरीही मी निघालो होतो, एवढं माझ्या बाजूनं लिहून ठेवतो.

नानांच्या दारात पाय ठेवला तर तळव्याला काहीतरी ओळखीचं लागलं. उंबऱ्याबाहेर लोखंडी जाळीचे दोन तुकडे जमिनीत ठोकले होते. चपलांचा चिखल खरवडायला.

"घस, घस पाय," अक्का आतून म्हणाल्या. "आते कामना व्हयनात ते. बठ्ठा गल्लीना चिखल तठेच निंघस."

नाना ओट्यावरून उठून पुढे आले. त्यांचा चेहरा फुलला होता. माझा हात धरून त्यांनी मला गिटारीपाशी नेलं. झालर काढून टाकली होती. खाली केबली नव्हत्या, पेडलं नव्हती. नुसते चार पाय.

"तू बोलना तेच खरं व्हतं," नाना म्हणाले. "लाकूड चांगलं शे. पेडलमाच खोट व्हती. काढी टाकात. बस, वाजाड."

मी बसलो. पाय जमिनीवर होते आणि मी ते इतके घट्ट रोवले होते की पोटऱ्या दुखायला लागल्या. तारा छेडल्या. सूर जागेवर. एक तार डुलली नाही. आणि कशाला डुलेल?

"देख!" नानांनी टाळी वाजवली. "देख अक्का! काय कान शेतस पोऱ्याना! इतलं वरीस मी ऐकी राहिनतू, माले समजनं नही!"

त्या क्षणी बोलायला हवं होतं. माणूस इतका आनंदात होता. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "नाना, ते पेडल..." नानांनी मला पुढे बोलू दिलं नाही. "पेडलनं नाव काढू नको. गयं ते. ही गिटार आते तुन्ही. तुन्हाशिवाय कोणले देऊ?" अक्कांनी आतून पुरणाचे मांडे आणले. मांडे करायला काय मेहनत लागते ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. खापरावरचा गरम मांडा समोर आला, वर तूप, आणि दुधाची वाटी. मी जेवलो. मग संध्याकाळच्या एसटीच्या टपावर गिटार बांधून घरी आलो. लाल गिटार मी पुढे बाळूच्या भाच्याला देऊन टाकली.

आज लिहिताना वाटतं, तेवढंच झालं असतं तर मी हे हसत हसत सांगून टाकलं असतं. पण नानांनी त्या दिवसापासून आपल्या कानांवरचा भरवसा सोडला. पेट्यांचे सूर लावणं बंद केलं. लाकूड, भाते, कमान्या सगळं करायचे आणि सुरांचं काम आलं की म्हणायचे, "ते जळगावना दिलीपकडे न्या. त्याना कान बठ्ठास्ना वर शेतस." बुवा लोक पेट्या घेऊन माझ्याकडे यायचे. मी नाही म्हणू शकत नव्हतो, म्हणून शिकलो. खरं सांगायचं तर चांगला शिकलो. इतकी वर्षं रोज सूर लावत बसलं तर कोणाचेही कान तयार होतील. म्हणजे गोष्ट खोटी होती, पण तिच्यापायी मी जो झालो तो खरा झालो, आणि हे सगळं नानांच्या खर्चानं. ज्या माणसाचे कान उत्तम होते तो पन्नाशीतच सुरांपासून उठून गेला. आणि पेडलची विद्या, जिच्यासाठी ते माणूस शोधत होते, ती दारात चिखल खरवडत राहिली.

मी त्यांच्याकडे वर्षातून एकदोनदा जायचोच. प्रत्येक वेळी एसटीत वाक्य तयार असायचं. एकदा त्यांच्या पुतण्याच्या लग्नात सांगायचं ठरवलं, तर त्यांनीच माईकवरून मांडवाला माझी गोष्ट सांगितली. एकदा निरोप घेताना वाकलो, पायांना हात लावला आणि वाकल्या वाकल्या सांगून टाकू म्हटलं, तर त्यांनी मला अर्ध्यातच उचललं आणि मिठी मारली. घरी बायकोला मात्र लग्न झाल्यावर लगेच सांगितलं होतं. ती पोट धरून हसली, आणि मग म्हणाली, "पण त्यांना सांगा हो." जेवताना टेबलाखाली माझा पाय अजून हलतो. तिला तो दिसला की ती आजही माझ्याकडे बघते.

शेवटचा गेलो तेव्हा नानांचे कान खरोखरच गेले होते. वयानं. उन्हाळाच होता, आणि अंगणात गल्लीतल्या बायका अक्कांचे बिबडे करायला जमल्या होत्या. ज्वारीच्या गरम घाट्याचा वास, बांगड्यांचा आवाज, थट्टा, आणि पोरांची चिमण्यांमागे धावपळ. मी गिटार घेऊन गेलो होतो. नानांना ऐकू येत नव्हतं, म्हणून त्यांनी तिच्या लाकडावर तळहात पसरून ठेवला आणि मला वाजवायला लावलं. सूर त्यांच्या हातातून वर चढत होता की काय कोण जाणे, पण ते डोळे मिटून मान डोलावत होते, आणि मान अगदी जिथे डोलावायला हवी तिथेच डोलत होती. वाजवून झाल्यावर मी त्यांच्या कानाशी वाकलो. वाक्य इतकी वर्षं घोटलेलं होतं, ते हळूच म्हटलं.

"काय रे भो?" नाना म्हणाले. "जोरमा सांग. ऐकू येत नही."

मी जरा मोठ्यानं म्हटलं. त्यांनी हात कानाशी नेला. "अजून जोरमा!"

अंगणातल्या बायका थांबल्या. बिबडे थापणारे हात थांबले. अक्का हसून माझ्याकडे बघायला लागल्या, जळगावचा मोठा वादक नानांना काय सांगतोय म्हणून. आता ओरडून सांगायला हवं होतं, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असं. मी श्वास घेतला आणि ओरडलो, "सूर चांगला लागलाय, नाना! तुमचं लाकूड चांगलं आहे!"

नानांना ते मात्र ऐकू गेलं. ते हसले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. अंगणात पुन्हा बांगड्या वाजायला लागल्या. निघताना दाराशी मी त्या दोन जाळ्यांवर चपला घासल्या, गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ, आणि पाय उचलून रस्त्याला लागलो. त्याच थंडीत नाना गेले. अक्कांना विचारून मी त्या दोन जाळ्या उखडून आणल्या, धुतल्या आणि गिटारीला परत बसवल्या, सायकलची नवी केबल घालून. आता मी वाजवतो तेव्हा सूर जिथे थांबतो तिथेच हळूच वर उमलतो, नानांनी त्या दुपारी उमलवला होता तसा. त्यात खोट नाही. कधीच नव्हती. त्या अंगणात जे ओरडून सांगायला गेलो होतो ते एवढंच होतं. नाना, तुमचे कान बरोबर होते. तुमची गिटार बरोबर होती. खाली माझा पाय चालत होता. मला माफ करा.